घरचा वाफा

माघ सरत आला तरी आभाळ मोकळं व्हायचं नाव घेत नव्हतं. सकाळी धुई, दुपारी कोंदट ऊन, संध्याकाळी पुन्हा ढग. खडकवण्याच्या शिवारात अशा हवेला सगळेच भ्यायचे. द्राक्षवाल्यांना भुरीची धास्ती, कांदेवाल्यांना करप्याची आणि नवनाथला काकडीवरच्या केवडा रोगाची. त्याची काकडी तारेवर चढून माणसाच्या डोक्याला लागली होती, फुलाफळांनी लगडली होती, आणि नेमके आताच पानांच्या पाठीवर पिवळे डाग उठायला लागले होते. त्यात फुलकिडे. पान उलटं केलं की काहीतरी बारीक, काळसर सरसरत पळायचं.

शुक्रवारी दुपारी तो पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरला. केवड्याचं औषध आणि किडीचं औषध त्यानं एकाच टाकीत कालवलं होतं. दुकानदारानं ह्या खेपेला वेगळीच बाटली दिली होती. जरा जहाल आहे, जपून मारा, एवढंच म्हणाला होता. तोंडाला रोहिणीची जुनी ओढणी गुंडाळलेली, तरी वास तिच्यातून घशात उतरत होता आणि जिभेवर कडवट बसत होता. पंपाचा पट्टा खांद्यात रुतला होता. टाकीच्या झाकणातून झिरपलेलं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं होतं. एक ओळ संपली की तो वाकून खोकायचा आणि दुसऱ्या ओळीत शिरायचा.

रोहिणी बांधावर बादली आणि साबण घेऊन उभी होती. ह्या बाबतीत ती कडक होती. फवारणीचे कपडे घरात आणायचे नाहीत, अंग धुतल्याशिवाय पोरीला शिवायचं नाही. आणि रानातली काकडी घरात कुणी तोडून खायची नाही. घरच्यासाठी विहिरीजवळ वेगळा वाफा होता. काकडीचे थोडे वेल, मेथी, कोथिंबीर, कडेला वांग्याची झाडं. त्या वाफ्यावर पंप कधी फिरला नव्हता. असा वाफा गावात ज्याच्या त्याच्या विहिरीजवळ होता. त्याबद्दल कुणी बोलत नसे, एवढंच.

नवनाथ तोंड धूत होता तेव्हा शाळेच्या संजना मॅडम बांधावरून चालत आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या दोन वर्षांमागं बदलून आल्या होत्या. रोज नाशिकहून, इंदिरानगरातून, स्कूटीवर यायच्या. पोरांवर त्यांचा जीव होता आणि त्यांना एकच गोष्ट खुपत होती: पोरं दुपारच्या खिचडीतली भाजी काढून ताटाच्या कडेला लावायची आणि सुट्टी झाली की दुकानातून कुरकुरीत पाकिटं आणून खायची.

"उद्या शाळेत आपण कार्यक्रम ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. "मुलांनी कच्ची भाजी, फळं खावीत म्हणून. केंद्रप्रमुख सर येणार आहेत. स्नेहलनं वर्गात सांगितलं, माझे पप्पा काकडी देतील. म्हटलं, तुम्हाला एकदा विचारावं."

स्नेहल म्हणजे नवनाथची लेक, तिसरीत होती. पोरीनं सगळ्या वर्गापुढं आपलं नाव घेतलं, हे ऐकून नवनाथच्या अंगातला थकवा निम्मा उतरला.

"विचारायचं काय त्यात मॅडम. भरून एक जाळी पाठवतो. मीच घेऊन येतो."

मॅडम हसल्या, आभार मानले आणि गेल्या. रोहिणी बादलीतलं पाणी ओतता ओतता थांबली होती.

"वाफ्यातल्या देऊ," ती म्हणाली.

"वाफ्यात हायेत किती? अन् हायेत त्या कशा? वाकड्या, बुडाला पिवळ्या पडलेल्या. साहेब येणार, फोटो काढणार. लोक म्हणतील नवनाथनं फेकायच्या होत्या त्या शाळेत आणून टाकल्या."

"आत्ता तर मारलंय औषध."

"उद्या तोडा हायेच ना आपला? मार्केटला जातीच ना ती काकडी? ती कोण खातं मग?"

ह्याला रोहिणीकडं उत्तर होतं, पण ते बोललं तर आजवर जे काही विकलं त्या सगळ्यावर बोलल्यासारखं झालं असतं. तिनं बादली उचलली आणि ती घराकडं चालू लागली.

शनिवारी झुंजुमुंजूला मजूर बाया आल्या, तोडा झाला. नवनाथनं त्यातल्या सरळ, एकसारख्या, गडद हिरव्या काकड्या स्वतः निवडून प्लास्टिकच्या जाळीत रचल्या. फडक्यानं पुसल्या. स्नेहलला मोटारसायकलवर पुढं बसवलं, जाळी मागं बांधली. पोर वाटभर बोलत होती. तिच्या दोन वेण्यांना रोहिणीनं लाल रिबिनी बांधल्या होत्या आणि त्या नवनाथच्या हनुवटीला लागत होत्या.

शाळेच्या पडवीत सतरंज्या टाकल्या होत्या. फळ्यावर रंगीत खडूंनी गाजर, टोमॅटो, पालक काढलेले. मागच्या पत्र्याच्या खोलीत तानुबाई खिचडीला फोडणी देत होती. तानुबाई बौद्धवस्तीवर राहायची. नवरा सहादू जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन सटाण्याकडं गेली होती. शाळेत पोषण आहार शिजवायचं काम तिला मिळालं तेव्हा गावातल्या काही घरांनी नाकं मुरडली होती. त्यांची पोरं काही दिवस घरून डबा आणायची. नवनाथच्या आईनंही, चांगुणाबाईनं, स्नेहलला डबा द्यायला लावला होता. पुढं पोरांनीच ते मोडलं. तानुआजीच्या खिचडीचा वास सुटला की डबा कोण उघडतो.

तानुबाईनं जाळी उतरवून घेतली. काकड्या हौदाशी नेऊन घासून घासून धुतल्या, पुन्हा धुतल्या.

"सोलू का मॅडम?" तिनं विचारलं.

"नको, सालीसकटच खायची. सालीतच खरं सत्त्व असतं," मॅडम म्हणाल्या.

केंद्रप्रमुख आले. शाळा समितीचा अध्यक्ष गोरक्ष आला. त्यानं नवनाथच्या खांद्यावर हात टाकला. साहेब थोडं बोलले. आपल्या गावात पिकतं ते आपल्या मुलांच्या पोटात गेलं पाहिजे, असं काहीतरी चांगलं बोलले, आणि खडकवण्याच्या ह्या तरुण शेतकऱ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. पोरांनी हात दुखेपर्यंत वाजवल्या. मग एकेकाच्या हातात काकडी देण्यात आली, वर मीठ.

पहिली काकडी स्नेहलला दिली. तिनं ती तोंडाजवळ नेली आणि मध्येच थांबली. रानातली खायची नाही हे तिला माहीत होतं. तिनं बापाकडं पाहिलं.

सगळे नवनाथकडं बघत होते. गोरक्षनं मोबाइल वर धरला होता. नवनाथच्या तोंडून काहीतरी यायला हवं होतं. हात पुढं जायला हवा होता. हात थोडा हललासुद्धा. मग त्यानं मान डोलावली. खा.

पोरीनं कचकन घास घेतला. तिला बघून बाकीच्या पोरांनी घेतला. पडवीभर कुरुमकुरुम आवाज उठला आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. स्नेहलनं एक संपवून दुसरी घेतली, दुसरी संपवून तिसरी मागितली. माझ्या पप्पांची आहे, माझ्या पप्पांची आहे, असं ती शेजारच्या पोरीला सांगत होती.

नवनाथ तिथून रानात आला आणि टेम्पोतून बाकीचा माल घेऊन वणीच्या मार्केटला गेला. काकडी उतरवून चहा घेत होता तेव्हा रोहिणीचा फोन आला. आधी तिला बोलताच येईना. मग म्हणाली, "पोरं उलट्या करत्यात. स्नेहलला उभं राहवत नाय. दवाखान्यात नेलंय, तिकडंच या."

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गावच जमा झालं होतं. एकेका खाटेवर दोन दोन पोरं आडवी. कुणाच्या आईच्या पदरावर ओकारी, कुणी पोट धरून कण्हतंय. सगळीकडं आंबट वास. बहुतेक पोरं ओकून मोकळी झाली होती, नुसती गळाठली होती. स्नेहलचं तसं नव्हतं. तिच्या ओठांच्या कडेनं लाळ गळत होती, थांबत नव्हती. अंग घामानं निथळत होतं. पायाच्या पोटऱ्या आपोआप फडफडत होत्या. रोहिणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं नवनाथकडं पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी स्नेहलच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"वडील कोण हिचे?"

"मी."

"फवारणी करता? घरात औषध असतं?"

"हाय."

"हिनं हात लावला होता का? बाटलीला, पंपाला?"

दारात गोरक्ष उभा होता. त्याच्यामागं लोक होते. नवनाथच्या घशात तोच कडवट वास वर आला.

"लावला असंल," तो म्हणाला. "पंपाशी खेळली असंल."

खाटेवर पोरीचे ओठ हलले. "मी नाही खेळले, पप्पा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो फक्त मांडी देऊन बसलेल्या रोहिणीला आणि नवनाथलाच ऐकू गेला.

डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं, ते मात्र त्यानं खरं सांगितलं. लगेच इंजेक्शन दिलं, सलाइन लावली. मग डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बाकीच्या पोरांचे डोळेही तपासले, दोघातिघांना तेच इंजेक्शन द्यायला सांगितलं. "हे नुसतं शिळ्यापाक्याचं दिसत नाही," ते परिचारिकेला म्हणाले. पण गर्दीत ते कुणाच्या कानावर पडलं नाही. किंवा पडलं तरी कुणी धरून ठेवलं नाही. कारण तोवर व्हरांड्यात ठरून गेलं होतं.

"खिचडीच," गोरक्ष म्हणत होता. "दुसरं काय? शाळेच्या टाकीचं पाणी, नायतर डाळीत काहीतरी. स्वच्छता नको का ठेवायला?"

"आम्ही आधीच म्हणत होतो," कुणीतरी बाई म्हणाली. "कुणाच्याबी हातचं पोरांना खायला घालायचं म्हणल्यावर."

तानुबाई व्हरांड्याच्या टोकाला, चपला काढतात तिथं उकिडवी बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. ती पोरांबरोबर टेम्पोत बसून आली होती. येताना स्नेहलचं डोकं तिच्याच मांडीवर होतं, तिच्या लुगड्यावर ओकारी सुकली होती. ते बोलणं तिच्यापर्यंत पोचलं. तिनं पदर पुढं ओढला.

नवनाथनं ते पाहिलं. खाटेचा लोखंडी दांडा धरून तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी आली. स्नेहल त्याच्या नंतरच्या दिवशी आली. देवाच्या कृपेनं कुणाचं काही वाईट झालं नाही, असं जो तो म्हणत होता. शाळेच्या स्वयंपाकखोलीला कुलूप लागलं. डाळ-तांदळाचे नमुने तपासायला गेले. तानुबाईला गोरक्षनं सांगितलं, चौकशी होईस्तोवर येऊ नको. पुढं कधी ये, हे सांगितलं नाही.

घरी चांगुणाबाई नातीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "आता मी हिला शाळेत पाण्याचा थेंब घेऊ द्यायची नाय. माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती."

नवनाथ भाकरी मोडत होता. रोहिणी चुलीपुढं पाठमोरी बसली होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मोटर चालू केली का. दूध घालून या. त्या एका गोष्टीवर ती भांडली असती, ओरडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

"तुम्ही सांगणार हाये का?" एकदा तिनं विचारलं, भांडी घासता घासता, त्याच्याकडं न बघता.

"सांगून काय होणार? पोरं बरी झाली ना."

तिनं परातीवर राख टाकली आणि ती जास्तच जोरात घासायला लागली.

आठवडा गेला. काकडीचे तोडे थांबत नव्हते, वेल कुणाची वाट बघत नाहीत. नवनाथनं फवारणी केली नव्हती, हात धजावला नव्हता. पण मागची मारलेली होतीच. मंगळवारी मुकादमीण लंकाबाई मजूर बाया घेऊन आली, तेव्हा त्या घोळक्यात सगळ्यात मागं तानुबाई होती. अंगात पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, हातात विळा. शाळेचं काम बंद म्हटल्यावर रोजानं जाण्याखेरीज तिला इलाज नव्हता, आणि टोळी जिथं जाईल तिथं जायचं होतं.

तिनं नवनाथला पाहून मान खाली घातली. जशी काही लाज तिलाच वाटायला हवी होती.

दुपारी बाया आंब्याखाली भाकरीला बसल्या. तानुबाई थोडी बाजूला, बांधाच्या दगडावर बसली. पूर्वीही ती अशीच बसायची की ह्या आठवड्यात बसायला लागली, हे नवनाथला आठवेना. त्यानं आजवर कधी बघितलंच नव्हतं. तो जाळ्या मोजायच्या निमित्तानं जवळून चालला होता. तिनं त्याला हाक मारली.

"दादा, स्नेहल कशी हाये?"

"बरी हाये."

"जेवती का नीट?"

"जेवती."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग बोलायला लागली, त्याच्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त.

"मी आठवून आठवून बघते दादा. डाळ मी निवडली होती. तांदूळ निवडला होता. पातेलं आदल्या दिवशी घासून पालथं घातलं होतं. पण टाकीचं झाकण लावलं होतं का नाय, तेवढं काय केल्या आठवत नाय. पाल पडली असंल. माझ्याच हातून राहिलं असंल. लेकरांचं काय वाईट झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? झोप नाय लागत दादा. डोळा लागला की ती पोर मांडीवर ओकताना दिसती."

पलीकडं बाया हसत होत्या, कुणीतरी ठेच्याचा डबा फिरवत होती. तानुबाईच्या फडक्यात कोरडी भाकरी होती, सोबत मिरची. तिनं सहज, बोलता बोलता, शेजारच्या टोपल्यातली एक काकडी उचलली, शर्टाच्या बाहीला पुसली आणि तोंडाजवळ नेली.

"ती नको खाऊ," नवनाथ म्हणाला.

तिचा हात थांबला. तिला वाटलं, मालाला हात लावला म्हणून बोलला. ओशाळून तिनं काकडी पुन्हा टोपल्यात ठेवायला घेतली. "चुकलं दादा. एकच घेतली होती, कोरडी भाकरी उतरंना म्हणून."

"तसं नाय. औषध मारलेलं हाये. मी वाफ्यातली आणून देतो."

हे बोलून झाल्यावरच त्याला कळलं आपण काय बोललो ते. तानुबाईच्या हातात काकडी तशीच होती. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं कोडं होतं, आणि मग हळूहळू ते सुटत गेलं.

"त्या दिवशीबी मारलेलं होतं?" तिनं विचारलं.

नवनाथ जाळ्यांकडं बघायला लागला.

"मला नको म्हणता," ती म्हणाली, "मग लेकरांना कशी दिली?"

आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. नवनाथनं उत्तर शोधलं. फोटो. साहेब. टाळ्या. सरळ काकड्या.

तिनं काकडी टोपल्यात ठेवली. भाकरी फडक्यात बांधली.

"तानुबाई, कुणाला सांगणार हाये का?"

तिनं फडक्याची गाठ आवळली. "मी सांगून कोण ऐकणार दादा? म्हणतील, स्वतःचं झाकायला दुसऱ्याचं नाव घेती." ती उठली, विळा घेतला. "मला एवढं कळलं ते बरं झालं. टाकीचं झाकण मी लावलं होतं."

ती लंकाबाईला काहीतरी सांगून बांधानं निघून गेली. अर्धा दिवस बुडवून. नवनाथ तिच्या पाठीकडं बघत उभा राहिला. ती नेहमीपेक्षा ताठ चालत होती.

शनिवारी शाळेत पालकांची सभा होती. स्वयंपाकाला नवीन बाई ठेवायची, तेवढाच विषय. पडवीत त्याच सतरंज्या होत्या. फळ्यावरची गाजरं-टोमॅटो पुसून टाकली होती, रंगीत धूळ तेवढी राहिली होती. बापे भिंतीकडंनी, बाया खांबांकडंनी. पोरं वर्गाच्या खिडकीत लोंबकळत होती, त्यात स्नेहल होती. संजना मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, त्या दिवसापासून त्या खचल्यासारख्या दिसायच्या. तानुबाई आली नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं.

गोरक्षनं विषय मांडला. दोनतीन नावं पुढं आली. कुणीतरी म्हणालं, आपल्यातलीच बाई बघा आता. लोकांनी माना डोलावल्या.

नवनाथ उठला. उठताना त्याचा गुडघा शेजारच्या माणसाला लागला, त्यानं त्याची माफी मागितली. मग त्याला पुढचं सुचेना.

"बोल ना," गोरक्ष म्हणाला.

"खिचडीनं झालं नाय," नवनाथ म्हणाला. "काकडीनं झालं. मी आदल्या दिवशी फवारली होती. जहाल औषध होतं. मला माहीत होतं."

कुणाला आधी नीट कळलं नाही. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"तानुबाईंनी धुऊन घेतल्या होत्या. धुऊन जाण्यासारखं ते नव्हतं. त्यांचा काय दोष नाय. डॉक्टरला मी खोटं सांगितलं, पोर पंपाशी खेळली म्हणून. पोर खेळली नव्हती."

मॅडमनी डोळ्यांवर हात ठेवला. "मी साल काढू दिली नाही," त्या पुटपुटल्या, पण ते कुणी ऐकलं नाही.

गोरक्ष झटकन उठून जवळ आला, त्याचा दंड धरून खालच्या आवाजात म्हणाला, "येडा झाला का? खाली बस. वणीपर्यंत बातमी गेली तर आपल्या गावचा माल कोण घेईल? तुझा नाय, सगळ्यांचा."

"दंड सोड," नवनाथ म्हणाला.

"पोरं बरी झाली, मिटलं ना?"

"तुझ्याबी विहिरीवर वाफा हायेच ना गोरक्ष," नवनाथ म्हणाला. "घरचा."

हे त्यानं काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण बापे एकमेकांकडं बघेनात. कुणी चपलेची वादी नीट करायला लागलं, कुणी सतरंजीचा दोरा ओढायला. बायांमधून एक आई उठली. तिचा पोरगाही त्या दिवशी दवाखान्यात होता. ती नवनाथच्या समोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता शिव्या देणार. मग ती तशीच वळली आणि जाऊन बसली. तिच्या घरची टोमॅटो परवाच फवारून मार्केटला गेली होती. बायांमधली मीना मात्र बोलली. तिला शेती नव्हती. "मग आम्ही काय खायचं?" ती म्हणाली. "आम्ही तर तुमच्याकडूनच घेतो."

नवनाथनं खिडकीकडं बघायचं टाळलं होतं, पण शेवटी नजर गेली. पोरं होती, स्नेहल नव्हती. ती आत जाऊन बाकावर बसली होती, त्याला तिची नुसती पाठ दिसली.

त्यानंतर बरंच काही झालं. पोलीस पाटलानं त्याचा जबाब घेतला. पंचायतीत त्याला बोलावलं. पारावर तो गेला की बोलणं थांबायचं आणि तो पुढं गेला की सुरू व्हायचं. व्यापाऱ्यानं त्याच्या जाळ्या परत पाठवल्या. एका अर्थी त्यात त्याची सुटका होती, कारण त्यानं आता तोडायचंच सोडलं होतं. काकड्या तारेवर जाड झाल्या, पिवळ्या पडल्या, बियांनी फुगून खाली गळाल्या. शिवारातली जुनी माणसं म्हणायची, असं सोन्यासारखं पीक कुणी जागेवर कुजवतं का. चांगुणाबाई काही दिवस त्याच्याशी बोललीच नाही. पोरं आजारी पडली ह्याचा तिला राग नव्हता. चारचौघांत सांगितलं, ह्याचा होता.

आणि तरीही तानुबाईला कामावर घेताना गोरक्षनं घोळ घातलाच. मॅडमनी लेखी भांडून ते करून घेतलं. स्वयंपाकखोलीचं कुलूप निघालं त्या दिवशी मॅडमनी सगळ्या पालकांना निरोप दिला, मुलांसोबत जेवायला या. पोरांच्या मनातली भीती जाईल.

फार कुणी आलं नाही. मीना आली. दोघीतिघी आणखी आल्या. रोहिणी नवनाथला म्हणाली, "तुम्ही जा." तो जायला तयार नव्हता. रानात पाणी धरायचं आहे म्हणाला. रोहिणीनं त्याच्या हातातलं फावडं काढून भिंतीला लावलं.

तो पोचला तेव्हा पंगत बसली होती. निम्म्या पोरांपुढं घरचे डबे होते. स्नेहलपुढं ताटली होती. आजीनं डबा दिला होता, तो तिनं दप्तरातून काढलाच नव्हता. नवनाथ तिच्या शेजारी मांडी घालून बसला. पोरगी थोडी सरकली, त्याला जागा व्हावी म्हणून की अंतर पडावं म्हणून, ते त्याला कळलं नाही.

तानुबाई पातेलं घेऊन आली. खिचडी, आणि तिच्यावर हिरवी भाजी. पोरं भाजीकडं बघत राहिली. कुणी हात लावेना. मॅडम काही बोलणार होत्या, पण त्याही थांबल्या. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, खा म्हणून.

"आजी, ही भाजी कुठली?" स्नेहलनं विचारलं.

"माझ्या दारातली. शेवग्याचा पाला हाये. सकाळी मीच ओरबाडला."

"त्याच्यावर काय मारलेलं नाही ना?"

"नाय गं बाई. मी काय मारणार त्याच्यावर? कोंबड्या बसत्यात तेवढ्या."

पोरं हसली. स्नेहलनं बोटानं थोडी भाजी उचलली, वास घेतला, जिभेला लावली. मग घास घेतला. बापाकडं तिनं पाहिलं नाही. तिचं बघून एकानं खाल्ली, मग दुसऱ्यानं. काहींनी नाहीच खाल्ली, कडेला लावली. मॅडमनी त्यांना काही म्हटलं नाही.

तानुबाई ओळीनं वाढत नवनाथपाशी आली. तिनं त्याच्या ताटलीत इतरांना वाढली तेवढीच खिचडी वाढली, तेवढीच भाजी. तो मान खाली घालून जेवला. भाजी किंचित कडवट होती, मागून गोड लागत होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि ताटली लवकर संपली. भूक तशीच होती. पण मागायला तोंड उघडेना. आजूबाजूची पोरं, आजी मला वाढ, मला वाढ, म्हणून ताटल्या पुढं करत होती. तो रिकाम्या ताटलीत बोट फिरवत बसला.

तानुबाई परत फिरली, त्याच्यापाशी थांबली. काही न विचारता तिनं आणखी एक पळी वाढली आणि पुढच्या पोराकडं सरकली.